डिस्क बॅकअप, आवृत्ती २ : प्रकल्प नोंदी, नाशिक

वापर कुठे: सातपूर-अंबडमधली छोटी वर्कशॉप, कॅनडा कॉर्नर आणि शरणपूर रोडवरची सीए ऑफिसं, दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातली द्राक्ष पॅकहाउस.

सॉफ्टवेअरची रचना: दोन भाग. पहिला, पेनड्राइव्हवरून बूट होणारं डेबियन लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स). अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घेतं, खाली पार्टक्लोन हा प्रत घेणारा प्रोग्रॅम. दुसरा, विंडोजमध्ये रोज रात्री चालणारा फाइल बॅकअप. खाली रेस्टिक ०.१७ हा बॅकअपचा प्रोग्रॅम. दोन्हींवरचा मराठी इंटरफेस आपला.

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आवृत्ती १ मध्ये काम संपलं की हिरवी बरोबरची खूण येते. प्रोग्रॅम त्रुटी न देता बंद झाला, एवढंच ती खूण सांगते. वापरणारा तिचा अर्थ घेतो की आता डिस्क गेली तरी चालेल. या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे आणि आवृत्ती २ चं सगळं काम त्याच अंतरावर आहे. कुठलीही नवी सुविधा सुचली तरी पहिला प्रश्न एकच: स्क्रीनवर लिहिलंय ते डिस्कवर खरंच तसं आहे का?

ठरलं ते असं. एका खुणेऐवजी प्रत्येक बॅकअपपुढे तीन रकाने: 'लिहिला', 'वाचून तपासला', 'उतरवून पाहिला' (उतरवणं म्हणजे बॅकअपमधून डेटा परत काढणं). रकान्यात फक्त तारीख. काम झालं नसेल तर रकाना रिकामा. हिरवा रंग फक्त तिसऱ्या रकान्याला, तोही ९० दिवस, त्यानंतर पिवळा.

दुसरा रकाना भरायचा कसा, यावर बराच वेळ गेला. रेस्टिकची साधी तपासणी रेपॉझिटरीची (सगळे बॅकअप ठेवलेल्या कोठाराची) रचना बघते: इंडेक्स (सूची), स्नॅपशॉट (एका वेळचा बॅकअप), फोल्डरांची झाडं एकमेकांशी जुळतात का. प्रत्यक्ष डेटाचे पॅक (गठ्ठे) ती वाचत नाही. सगळे पॅक वाचायचे तर यूएसबी २.० वर जेमतेम ३५ एमबी सेकंदाला मिळतात, म्हणजे ५०० जीबीला चार तास. रोज ते जमणार नाही. रेस्टिकमध्ये रेपॉझिटरीचा ठरावीक हिस्सा वाचायची सोय आहे, ती वारांवर बसवली: सोमवारी १/७, मंगळवारी २/७, रविवारी ७/७. आठवड्यात सगळं एकदा वाचून होतं. एखाद्या वारी मशीन बंद राहिलं तर राहिलेला हिस्सा दुसऱ्या दिवशी जोडीने घ्यायचा. सातही हिस्से झाल्याशिवाय रकान्यातली तारीख पुढे सरकणार नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

डिस्क निवडायची स्क्रीन. अख्ख्या सॉफ्टवेअरमधली सर्वांत धोक्याची जागा हीच. उतरवताना चुकीची डिस्क निवडली की चांगला डेटा काही सेकंदांत जातो आणि त्यावर उपाय नसतो.

जुन्या यादीत 'एसडीए', 'एसडीबी' आणि आकार एवढंच दिसतं. लिनक्स ही नावं ज्या क्रमाने डिस्क सापडेल त्या क्रमाने देतं. पुढच्या बूटला एसडीए आणि एसडीबीची अदलाबदल होऊ शकते. आकारानेही ओळख पटत नाही, कारण एकाच दुकानातून आणलेल्या दोन १ टीबी डिस्क हुबेहूब सारख्या. त्यात पाकिटावर १ टीबी छापलेलं असतं आणि विंडोज ९३१ जीबी दाखवतं. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ही वेगळीच डिस्क दिसते, असं वाटून माणूस दुसरीवर क्लिक करतो.

नव्या यादीत प्रत्येक डिस्कचं एक कार्ड. त्यावर: मॉडेल, सिरियल नंबर (शेवटची चार अक्षरं मोठी), जोडणी साटा, एनव्हीएमई की यूएसबी, दोन्ही आकार शेजारी, '१ टीबी, विंडोजमध्ये ९३१ जीबी', पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) पट्टी प्रमाणात काढलेली, आणि सर्वांत उपयोगी म्हणजे आतल्या तीन फोल्डरांची नावं आणि सर्वांत अलीकडे बदललेल्या फाइलची तारीख. 'टॅली डेटा, बिले २०२४-२५, फोटो' असं वाचलं की माणसाला लगेच कळतं ही कोणती डिस्क. त्यासाठी पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं माउंट करतो (जोडतो), तेही एनटीएफएसचं, म्हणजे विंडोजच्या फाइल व्यवस्थेचं, जर्नल (बदलांची नोंद) न हलवता.

सिरियल नंबरवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. स्वस्त यूएसबी-साटा अडॅप्टर डिस्कचा खरा नंबर लपवून स्वतःचा पुढे करतात, आणि एकाच मालाच्या दोन अडॅप्टरांचा नंबर एकच निघतो. दोन कार्डांवर तोच नंबर आला तर दोन्हींवर लाल पट्टी आणि सूचना: 'एका वेळी एकच डिस्क जोडा.' पार्टिशन टेबलचा ओळख क्रमांक वापरून वेगळेपण काढावं, असं सुचलं होतं. चालणार नाही. क्लोन केलेल्या डिस्कवर तो क्रमांकही जसाच्या तसा जातो.

त्यावरूनच क्लोनच्या शेवटच्या स्क्रीनवर एक वाक्य वाढवलं: 'मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा, मगच विंडोज सुरू करा.' दोन्ही जोडलेल्या असल्या की विंडोज सारखाच ओळख क्रमांक बघून एक डिस्क ऑफलाइन करतं, आणि कोणती करेल ते सांगता येत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

उतरवण्याआधीची खात्री. 'तुम्हाला खात्री आहे का?' आणि 'होय' हे सवयीने दाबलं जातं. त्याऐवजी ज्या डिस्कवर लिहायचं तिच्या सिरियल नंबरची शेवटची चार अक्षरं टाइप करायची. डिस्क हातात घेऊन स्टिकर वाचल्याशिवाय, निदान कार्डाकडे नीट बघितल्याशिवाय ते होत नाही.

अडचण लगेच समोर आली. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर (देवनागरी लेआउटवर) असेल तर रोमन अक्षरं उमटतच नाहीत. त्या चौकटीपुरता लेआउट आपोआप रोमन होतो, चौकट सोडली की परत मराठी. आकडे मात्र दोन्ही लिपींतले घ्यायचे. ४ टाइप झाला काय किंवा रोमन चार झाला काय, आत एकच धरायचा. पुढे बिटलॉकरच्या (विंडोजमधल्या डिस्क एन्क्रिप्शनच्या) स्क्रीनवर हे फारच कामाला येणार आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

१०० टक्क्यांचा प्रश्न सुटला. पट्टी १०० वर पोचते, माणूस पेनड्राइव्ह उपसतो, इमेजचा शेवटचा तुकडा अर्धवट राहतो. कारण लिनक्स लिहायचा डेटा आधी रॅममध्ये साठवतं आणि मागाहून डिस्कवर उतरवतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये उपलब्ध रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत डेटा असा थकीत राहू शकतो. ८ जीबीच्या मशीनवर ते दीड जीबीपर्यंत जातं. १० एमबी सेकंदाला लिहिणाऱ्या पेनड्राइव्हला तेवढं उतरवायला अडीच मिनिटं लागतात, आणि त्या अडीच मिनिटांत स्क्रीन 'झालं' म्हणत असते.

बदल दोन. लाइव्ह सुरू होतानाच थकीत डेटाची मर्यादा ६४ एमबीवर बांधली. आणि पट्टी ९९ वर थांबवून 'डिस्कवर उतरवत आहे, काढू नका' असं दाखवायचं; फाइलचं सिंक पूर्ण होऊन डिस्क अनमाउंट झाली की मगच १०० आणि 'आता काढा'. मर्यादा घातल्याचा दुसरा फायदा म्हणजे वेग खरा दिसतो. पूर्वी पहिली काही सेकंदं पट्टी भरधाव पळायची आणि मग अडकल्यासारखी वाटायची.

उरलेल्या वेळेचा अंदाज: शेवटच्या ६० सेकंदांचा वेग आणि सुरुवातीपासूनची सरासरी, दोन्ही काढून पल्ला दाखवायचा, '४० ते ५५ मिनिटे'. एसएमआर प्रकारच्या (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) बाहेरच्या डिस्क आतली राखीव जागा भरली की एकदम मंदावतात. तिथे एकच आकडा दिला तर तो उलटा वाढताना दिसतो आणि लोक केबल हलवून बघतात.

२५ ऑगस्ट, सोमवार

उद्या हरतालिका, परवा गणपती. मधल्या दोन दिवसांत बरीच ऑफिसं बंद, त्यामुळे सुट्टीआधी इमेज घेण्याची घाई असते. त्या घाईत हमखास आडव्या येणाऱ्या तीन गोष्टींच्या स्क्रीन आज पूर्ण केल्या.

पहिली, फास्ट स्टार्टअप. विंडोज १० आणि ११ मध्ये 'शट डाउन' केलं तरी सिस्टीमचा काही भाग हायबरनेट फाइलमध्ये राहतो आणि एनटीएफएस नीट बंद झालेलं नसतं. पार्टक्लोन इमेज घ्यायला नकार देतं, आणि त्याचा इंग्रजी संदेश वाचून डिस्क खराब आहे असंच वाटतं. आता स्क्रीन सरळ सांगते: विंडोज पुन्हा सुरू करा, शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा, मग पेनड्राइव्हवरून बूट करा. 'रीस्टार्ट' घेऊन मध्येच बूट मेनू पकडला तरी चालतं, कारण रीस्टार्टमध्ये सगळं पूर्ण बंद होतं. 'जबरदस्तीने पुढे जा' हे बटण काढून टाकलं. ते कोणाच्याच भल्याचं नव्हतं.

दुसरी, बिटलॉकर. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये नव्याने इन्स्टॉल केलेल्या बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, आणि मालकाला पत्ता नसतो. बाहेरून बघणाऱ्या लाइव्हला तिथे फक्त गिचमिड दिसते. कोणता ब्लॉक भरलेला, कोणता रिकामा हे कळत नाही, म्हणून सेक्टर न् सेक्टर (डिस्कवरचा छोट्यात छोटा तुकडा) कॉपी करावा लागतो. ५१२ जीबीच्या डिस्कवर ९० जीबीच वापरात असलं तरी इमेज ५१२ जीबीच्या आसपास जाऊ शकते, कारण एन्क्रिप्ट केलेला डेटा दाबला जात नाही. २५६ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्यायला बसलेल्याला हे अर्ध्या वाटेत कळायचं.

आता सुरुवातीलाच पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमधली बिटलॉकरची सही वाचतो आणि दोन रस्ते देतो. एक, विंडोजमध्ये जाऊन डिक्रिप्ट करा, मग या. दोन, सेक्टर कॉपीच घ्या, पण लागणारी जागा आधी बघून. 'सस्पेंड करा' हा सल्ला जुन्या मदतपानातून काढला. सस्पेंड केल्याने कुलपाची किल्ली उघडी राहते, डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्टच असतो. मशीनवर लोकल खातं असेल तर विंडोज 'संरक्षण बंद' सांगतं तरी डिस्क एन्क्रिप्ट झालेली असू शकते. म्हणून विंडोज काय म्हणतं त्यावर न जाता डिस्कवरची सही बघायची.

मेलेल्या मशीनमधून काढलेल्या डिस्कवरच्या फाइल्स वाचायला रिकव्हरी की घेण्याची सोय नवी आहे. खाली क्रिप्टसेटअप हा लिनक्सचा प्रोग्रॅम, त्याला आवृत्ती २.३ पासून बिटलॉकर उघडता येतं. की ४८ आकड्यांची, सहा-सहाचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो. त्यामुळे गट टाइप होताक्षणी तपासता येतो आणि चुकलेला गट तिथेच लाल होतो. फोनवरून कोणी की वाचून दाखवत असेल तेव्हा याने फार त्रास वाचतो. आधी ४८ आकडे संपल्यावर नुसतं 'चुकीची की' यायचं.

तिसरी, डिस्क दिसतच नाही. इंटेलच्या काही मशीनवर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड' या खास मोडवर असतं आणि एनव्हीएमई डिस्क लिनक्सपासून झाकली जाते. कर्नलच्या लॉगमध्ये तसा स्पष्ट संदेश येतो, तो आता आपण पकडतो. स्क्रीनवरच्या पायऱ्या: बायोसमध्ये एएचसीआय (साधा मोड) करा, इमेज घ्या, विंडोज सुरू करण्याआधी परत जुना मोड लावा. शेवटची पायरी विसरली तर विंडोज ०एक्स७बी त्रुटी देऊन निळ्या स्क्रीनवर थांबतं. मोड परत लावला की सुरळीत चालू होतं, पण तोपर्यंत समोरच्याचा जीव टांगणीला लागतो. म्हणून ही ओळ ठळक, आणि इमेज पूर्ण झाल्यावरच्या स्क्रीनवरही पुन्हा.

२ सप्टेंबर, मंगळवार

विंडोज भागाचे त्रुटी संदेश. रेस्टिक ०.१७ मध्ये बाहेर पडतानाचे क्रमांक (प्रोग्रॅम का थांबला ते सांगणारे) नीट वेगळे झाले, त्यांच्यावर स्क्रीन बेतल्या.

३ : स्नॅपशॉट झाला, पण काही फाइल्स वाचता आल्या नाहीत. जुनी आवृत्ती याला सरसकट 'अयशस्वी' म्हणायची. आता नारिंगी, खाली न वाचलेल्या फाइल्सची यादी. यादीत कामाच्या फोल्डरमधलं काही असेल तर ते सर्वांत वर. ब्राउझरची कॅश वगैरे खाली.

१० : रेपॉझिटरी सापडली नाही. दहात नऊ वेळा बाहेरची डिस्क जोडलेली नाही किंवा तिचं अक्षर ई चं एफ झालंय. अक्षरावर विसंबणं बंद केलं. डिस्कच्या मुळाशी ठेवलेल्या खुणेच्या फाइलवरून ती शोधतो. इथे एक नियम कडक: रेपॉझिटरी सापडली नाही म्हणून आपोआप नवी बनवायची नाही. तसं केलं तर सी ड्राइव्हवर नवी रेपॉझिटरी बनते, रोज रात्री बॅकअप 'व्यवस्थित' होतो, आणि ज्या डिस्कपासून वाचायचं तिच्यावरच तो पडून राहतो.

११ : कुलूप, म्हणजे रेपॉझिटरीवर काम चालू असल्याची रेस्टिकची खूण. आधीचा बॅकअप चालू असताना वीज गेली की कुलूप मागे राहतं. रेस्टिकचं साधं अनलॉक फक्त शिळी कुलपं काढतं, तेवढंच आपण आपोआप करतो. सगळी कुलपं काढण्याचा पर्याय इंटरफेसमध्ये दिलेला नाही, कारण दुसऱ्या मशीनवर त्या वेळी जुनी स्नॅपशॉट साफ करण्याचं काम चालू असू शकतं. अर्धवट राहिलेला बॅकअप पुन्हा चालवला की इंडेक्समध्ये नोंदलेला डेटा परत लिहावा लागत नाही. स्क्रीनवर 'काल रात्रीचा ६० टक्के भाग वापरला' असं येतं. मात्र अर्धवट बॅकअपचा स्नॅपशॉट नसतो, त्यामुळे 'लिहिला' रकान्यात त्याची तारीख नाही.

१२ : पासवर्ड चुकला. रेस्टिकमध्ये पासवर्ड विसरण्यावर तोड नाही. रेपॉझिटरी बनवताना आता दोन किल्ल्या बनतात, एक रोजची आणि एक छापून ठेवायची. कागद छापल्याशिवाय किंवा पीडीएफ दुसऱ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय पुढची स्क्रीन येत नाही.

प्रत्येक संदेशाच्या कोपऱ्यात तीन आकडी क्रमांक. फोनवर तेवढा सांगितला की पुरे. लॉग फाइल इंग्रजीतच ठेवली आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

उघड्या फाइल्स आणि जुने बॅकअप किती ठेवायचे.

उघड्या फाइल्ससाठी व्हीएसएस, म्हणजे वापरात असलेल्या फाइलचीही त्या क्षणीची प्रत देणारी विंडोजची सोय. त्याला प्रशासकाचे अधिकार लागतात, म्हणून टास्क शेड्यूलरमध्ये 'सर्वोच्च अधिकारांसह चालवा' आपण स्वतः लावतो. तिथेच आणखी दोन सेटिंग बदलावी लागतात: 'फक्त चार्जर जोडलेला असताना' ही खूण मुळात लागलेली असते, लॅपटॉपवर ती काढायची, आणि 'वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच' ही लावायची.

व्हीएसएस म्हणजे सर्व काही सुखरूप असं नाही. ज्या प्रोग्रॅमचा स्वतःचा व्हीएसएस रायटर (प्रत घेण्याआधी डेटा नीट लावणारा भाग) असतो, उदाहरणार्थ एसक्यूएल सर्व्हर, त्याचा डेटा सुसंगत मिळतो. नसेल तर त्या क्षणी वीज गेल्यावर फाइल जशी राहील तशी मिळते. हिशेबाच्या डेटासाठी तेवढ्यावर राहायला नको. नवीन सोय: निवडलेला प्रोग्रॅम चालू असेल तर बॅकअप अर्धा तास थांबतो, दोनदा वाट बघतो, आणि तरी घ्यावा लागला तर त्या बॅकअपपुढे 'टॅली उघडी होती' अशी नोंद कायमची राहते. उतरवायला निवडताना ती दिसते. टॅलीत प्रत्येक कंपनीचा आकड्यांच्या नावाचा फोल्डर असतो. तो तुकड्याने न निवडता अख्खा डेटा फोल्डर घ्यायचा, असं पहिल्याच स्क्रीनवर सुचवलंय.

किती ठेवायचे: दिवसांचे ७, आठवड्यांचे ५, महिन्यांचे १२, वर्षांचे ८. आठ यासाठी की कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. ऑगस्ट २०२२ च्या नियमबदलानंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज हवा, हेही कंपन्यांना लागू. बाहेरच्या डिस्कने ती अट भागत नाही, म्हणून सीए ऑफिसांसाठी दुसरं ठिकाण सर्व्हरवर जोडायची जागा दिली आहे.

'वर्षांचे ८' यात मात्र खड्डा आहे. रेस्टिक वर्ष म्हणजे कॅलेंडर वर्ष धरतं आणि त्या वर्षातला शेवटचा स्नॅपशॉट ठेवतं, म्हणजे ३१ डिसेंबरचा. आपलं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पुस्तकं बंद होतात ती लेखापरीक्षणानंतर. डिसेंबरमधला स्नॅपशॉट धड चालू वर्षाचा नाही, धड बंद वर्षाचा नाही. त्यासाठी वेगळं बटण: 'वर्ष बंद, २०२४-२५'. त्याने घेतलेल्या स्नॅपशॉटला टॅग लागतो आणि सफाई त्याला हात लावत नाही. येत्या आठवड्यांत कर-लेखापरीक्षणाचं काम उरकेल तशी याची गरज लागेल, म्हणून हे आवृत्ती २ मध्येच घेतलं.

अजून एक: सफाई मशीन आणि फोल्डरांच्या यादीनुसार गट पाडते. कोणी यादीत एक फोल्डर वाढवला की नवा गट सुरू होतो, जुन्या गटातले स्नॅपशॉट तिथेच राहतात आणि डिस्क भरत जाते. गट फक्त मशीननुसार केला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अंबडमधल्या एका वर्कशॉपमधली सीएनसीला (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्राला) जोडलेली मशीन. विंडोज एक्सपी, ४० जीबीची आयडीई (जुन्या जोडणीची) डिस्क. असल्या मशीन वसाहतीत अजून पुष्कळ आहेत आणि एक बंद पडली की अख्खी शिफ्ट थांबते, त्यामुळे यांच्यासाठी वेगळा मार्ग करणं गरजेचंच होतं.

डिस्क जोडताना: साडेतीन इंची आयडीईला ४० पिना, अडीच इंचीला ४४. यूएसबी अडॅप्टरवर लावताना जंपर मास्टरवर हवा, नाहीतर ती दिसत नाही.

इमेज घेण्याआधी स्मार्ट (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) वाचतो. यूएसबीतून वाचायला एटीए पास-थ्रूचा (आज्ञा अडॅप्टरमधून थेट डिस्ककडे धाडण्याचा) पर्याय लागतो, आणि काही अडॅप्टर तोही देत नाहीत, तेव्हा स्क्रीन 'तब्येत कळत नाही' असं सांगते. बघायचे चार आकडे: ५, बदललेले सेक्टर, १९७, वाचता न आल्याने ताटकळलेले, १९८, दुरुस्त न होणारे, १९९, केबलमधल्या चुका. १९९ वाढत असेल तर डिस्कला दोष न देता आधी केबल बदला. १९७ शून्याहून जास्त असेल तर पार्टक्लोनचा रस्ता बंद, डीडीरेस्क्यूचा (खराब डिस्कवरून डेटा काढणाऱ्या प्रोग्रॅमचा) उघडतो.

डीडीरेस्क्यूचा क्रम पक्का ठेवला आहे. पहिल्या फेरीत सहज वाचता येतं तेवढं, खराब भागात न रुतता. दुसऱ्या फेरीत खराब भाग थेट वाचून तीन प्रयत्न. दोन्हींची नोंद मॅप फाइलमध्ये, त्यामुळे वीज गेली तरी तिथूनच पुढे. मॅप फाइल रॅममध्ये नको, बाहेरच्या डिस्कवरच. स्क्रीनवर त्या मॅपची पट्टी दिसते: वाचलेला भाग हिरवा, राहिलेला लाल, आणि लाल भागावर क्लिक केलं की त्या जागेत कोणत्या फाइल्स होत्या ती यादी. 'कॉपी ९९.९ टक्के झाली' याला अर्थ नाही, राहिलेल्या ०.१ मध्ये विंडोजची तात्पुरती पेज फाइल आहे की मशीनचे पॅरामीटर, हे कळायला हवं.

उतरवताना एक्सपीचं पार्टिशन सेक्टर ६३ पासून सुरू होतं ते तसंच ठेवायचं. एसएसडीवर ते ४ केच्या सीमेत बसत नाही, थोडं हळू चालतं, पण सुरुवात सरकवली तर बूट सेक्टरमधला आकडा चुकतो आणि मशीन उठत नाही. 'सीमा जुळवा' ही खूण एमबीआर (जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) आणि ६३ दिसलं की आपोआप निघते. वॉल्यूमचा सिरियल इमेजबरोबर येतो, डिस्कचा स्वतःचा येत नाही. मशीनच्या सॉफ्टवेअरचा परवाना डिस्कच्या नंबरला बांधलेला असेल तर नव्या डिस्कवर तो अडेल. जुनी डिस्क फेकू नका, ही सूचना शेवटच्या स्क्रीनवर आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना, काम थोडंच. मराठी मजकूर कापला जात होता: ठरावीक उंचीच्या बटणात वरचा रफार आणि खालचा उकार अर्धा. ओळीची उंची दीडपट केली, बटणांची रुंदी मजकुरानुसार. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, लाइव्हमध्येच भरलेला. बूट मेनूचा प्रोग्रॅम मात्रा आणि जोडाक्षरं नीट बसवत नाही, म्हणून तिथला मराठी मजकूर चित्र म्हणून मागे लावला.

२९ सप्टेंबर, सोमवार

तिसरा रकाना, 'उतरवून पाहिला'. माझ्या मते या आवृत्तीतलं सर्वांत मोलाचं काम हेच.

फाइल बॅकअपची तालीम: सॉफ्टवेअर वापरात असलेल्या फोल्डरांतून वीस फाइल्स उचलतं, त्यांत सर्वांत मोठी एक आणि गेल्या आठवड्यात बदललेल्या दहा असतातच. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवतं. त्यातल्या तीन माणसाने स्वतः उघडून 'उघडली, बरोबर आहे' असं दाबायचं. हे आपोआप करता आलं असतं, पण टॅलीची कंपनी उघडून शेवटचं व्हाउचर बघणं प्रोग्रॅमला जमत नाही. ज्याचा डेटा त्यालाच ते कळतं.

इमेजची तालीम: पार्टक्लोनच्या इमेजमध्ये सीआरसी (पडताळणीचे आकडे) असतात, ते तपासले की दुसरा रकाना भरतो. तिसऱ्यासाठी इमेज एका विरळ फाइलमध्ये उतरवून ती फक्त वाचण्यापुरती जोडतो आणि फोल्डर दाखवतो. मोकळी जागा कमी लागते, कारण रिकामे ब्लॉक प्रत्यक्षात लिहिले जात नाहीत. पण ती फाइल ठेवायची डिस्क एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ हवी. एक्सफॅटवर विरळ फाइल होत नाही, फॅट३२ वर तर ४ जीबीच्या वर फाइलच नाही.

दुसऱ्या प्रतीचा रकानाही आजच जोडला: 'कुठे ठेवली' आणि 'शेवटची कधी आणली'. सराफ बाजार, भांडी बाजारातल्या दुकानदारांना यामागचं कारण समजावून सांगावं लागत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदावरीच्या पात्रातल्या, पुराचं माप मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तळमजल्यावरचं मशीन आणि त्याच्याच ड्रॉवरमधली डिस्क, दोन्ही एकदम संकटात येतात. दोन डिस्क, 'निळी' आणि 'लाल', आठवड्याने आलटून पालटून. दहा दिवस एकच रंग दिसला तर स्क्रीन विचारते. जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरपासूनही (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून) वाचत नाही, म्हणून बॅकअप संपला की 'काढा' ही सूचना विंडोजमध्येही येते.

६ ऑक्टोबर, सोमवार

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबरला संपतायत. या आठवड्यात अपग्रेडआधीची इमेज घेणारे बरेच. त्यांच्यासाठी इमेजच्या कार्डावर 'एमबीआर, जुना बायोस' किंवा 'जीपीटी, यूईएफआय' (नवं पार्टिशन टेबल, नवी बूट पद्धत) ठळक. विंडोज ११ साठी एमबीआरचं जीपीटी करून घेतात; नंतर जुनी इमेज उतरवली तर बायोसमध्ये लेगसी (जुना बायोस) मोड परत लावल्याशिवाय ती उठत नाही. उतरवण्याच्या स्क्रीनवर मशीनचा सध्याचा मोड आणि इमेजचा मोड शेजारी दाखवतो, जुळत नसतील तर पुढचं बटण बंद. अपग्रेडनंतर विंडोजमधून मागे जायची सोय १० दिवस असते. त्यानंतर हीच इमेज.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आवृत्ती २ बांधली. आयएसओसोबत (डाउनलोड करायच्या फाइलसोबत) एसएचए-२५६ ची, म्हणजे ती नीट उतरली का ते ताडायची, फाइल. जुन्या आवृत्तीच्या इमेज नवीन वाचते. उलट नाही, हे डाउनलोडच्या आधीच लिहिलं आहे. जुने बॅकअप नव्या यादीत येतात तेव्हा त्यांचा फक्त पहिला रकाना भरलेला असतो, बाकी दोन रिकामे. आधी हिरवं दिसणारं सगळं एकदम रिकामं दिसेल आणि त्यावर फोन येतील. तो रिकामेपणा तसाच ठेवायचा. फोन करणाऱ्याला त्याच कॉलवर वीस फाइल्सची तालीम करून घ्यायला सांगायचं.

आवृत्ती २.१ साठी बाजूला ठेवलेलं: कुलूपबंद बिटलॉकर पार्टिशनची वापरलेल्या ब्लॉकपुरती इमेज, सर्व्हरवरच्या प्रतीसाठी फक्त भर घालू देणारा मोड, ज्यात ऑफिसमधल्या मशीनला जुने स्नॅपशॉट पुसता येत नाहीत, आणि पॅकहाउसमधल्या मशीनसाठी फेब्रुवारीत हंगाम भरात यायच्या आत तालमीची आठवण.